टाकीतल्या वायूची साक्ष

श्री. नागोजीराव जगताप सरांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या प्रयोगशाळेच्या दारात झाली. लग्न होऊन मी मिरजेहून म्हैसूरला आले होते आणि इथल्या एका हायस्कुलात गणिताची शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. कानडीचा गंध नव्हता. पिण्याचं पाणी कुठे मिळतं एवढं विचारायचं होतं, पण शिपायाला ते कसं सांगावं हे न कळून मी व्हरांड्यात उभी होते. आतून उंच, काळेसावळे, खडूने पांढऱ्या झालेल्या बाह्यांचे एक गृहस्थ बाहेर आले. माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुमी मराठी काय ओ? मग सुम्ने का उभं राहिलात? विचारायचं की!”

‘सुम्ने’ म्हणजे उगीच, हे मला नंतर समजलं. त्या मराठीचं मला हसू आलं आणि ते सरांच्या लक्षातही आलं. “आमची मराठी घोड्यावर बसून आली बाई,” ते म्हणाले. “वाटेत निम्मी सांडली. तिथं कानडी भरली.” त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या जुन्या फौजेत घोडेस्वार होते. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोललं जाई, पण देवनागरी वाचताना सर अडखळत. त्यामुळे या गौरवग्रंथातला हा लेख त्यांना कोणी तरी वाचून दाखवेल हे गृहीत धरूनच मी लिहिते आहे.

सर रसायनशास्त्र शिकवत. मुलं त्यांना ‘जगताप मेष्ट्रु’ म्हणत. मेष्ट्रु म्हणजे मास्तर, पण त्या शब्दात थोडा जिव्हाळा असतो. नववीला द्रव्याच्या अवस्थांचा धडा सुरू झाला की सर वर्गाच्या एका कोपऱ्यात अगरबत्ती लावत आणि सगळ्या मुलांना डोळे मिटायला सांगत. ज्याला वास येईल त्याने हात वर करायचा. आधी जवळचे हात वर होत, मग मधले, मग मागचे. “आता डोळे उघडा,” सर म्हणत, “आणि वायूचे कण कसे कसे चालत गेले ते हातांवरून बघा.” एकदा मागच्या बाकावरच्या, सर्दी झालेल्या मुलीने शेवटपर्यंत हात वर केला नाही. वर्ग हसला. सर हसले नाहीत. “हिला वास आला नाही म्हणून हिच्याजवळ कण पोचले नाहीत काय?” त्यांनी विचारलं. त्या एका प्रश्नावर अर्धा तास गेला.

दुसरा प्रयोग मेणबत्तीचा. काचेच्या उंच बरणीत तळाशी पेटती मेणबत्ती ठेवायची. दुसऱ्या भांड्यात लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा एकत्र करायचा. फेस बसला की ते भांडं बरणीवर नुसतं कलतं करायचं, पाणी ओतावं तसं, पण रसाचा थेंबही पडू द्यायचा नाही. काहीही पडताना दिसत नाही आणि मेणबत्ती विझते. मग पेटती काडी बरणीत सोडायची. ती दर वेळी त्याच खोलीवर विझते, जणू तिथे पाण्याची पातळी आहे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो हे वाक्य मुलं पाठ करतात. सरांच्या वर्गातल्या मुलांनी ते पाहिलेलं असे.

हे सारं आनंदाने लिहून इथेच थांबता आलं असतं. पण सरांचा गौरव करायचा तर ज्या घटनेने त्यांचं आयुष्य बदललं ती सांगायलाच हवी.

नंजनगूडच्या बाजूला पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा, एक लहान कारखाना होता. त्याच्या आवारात सांडपाण्याची जमिनीखालची टाकी होती. वर माणूस जेमतेम आत शिरेल एवढं तोंड, त्यावर लोखंडी झाकण. कारखाना काही आठवडे बंद राहिला. पुन्हा सुरू करण्याआधी टाकीतला गाळ काढायचं ठरलं. सकाळी झाकण उघडलं आणि एक मजूर शिडीने आत उतरला. तो खाली पोचताच कोसळला. त्याला उचलायला त्याचा मेव्हणा उतरला. तोही वर आला नाही. तेव्हा तिथे देखरेखीला असलेला महादेव नावाचा तरुण कमरेला दोर न बांधताच आत उतरला. तिघेही बाहेर काढले ते मेलेलेच.

महादेव आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी होता. नंजनगूडजवळच्या आपल्या खेड्यातून तो रोज बसने यायचा. सरांचा लाडका म्हणता येईल असा नव्हता, पण नीटनेटका मुलगा होता. बातमी आली तेव्हा आम्ही शिक्षकांच्या खोलीत होतो. सर उठून प्रयोगशाळेत गेले. थोड्या वेळाने मी मागोमाग गेले तेव्हा ते नुसते उभे होते.

“त्याच्या वर्षी मी मेणबत्तीचा प्रयोग केलाच नाही,” ते म्हणाले. “पोर्शन संपवायचा होता. पुढच्या आठवड्यात करू म्हणालो. राहिला.”

मी म्हटलं, “सर, डोळ्यांसमोर दोन माणसं पडलेली असताना प्रयोग आठवून कोण थांबतं? तो उतरलाच असता.”

“उतरला असता,” सर म्हणाले. “पण ते तुमी म्हणायचं. मी म्हणायचं नाही.”

कारखान्याने सांगायला सुरुवात केली की ते तिघे दारू प्यायले होते, तोल जाऊन गाळात पडले आणि बुडाले. टाकीत वायूबियू काही नव्हता, झाकण तासभर उघडं होतं, काही असतं तर उडून गेलं असतं. महादेवच्या गावात ही गोष्ट त्याच्या चितेची राख निवायच्या आत पोचली. त्याची आई निंगम्मा मोलमजुरी करून जगणारी विधवा. धाकट्या मुलीची सोयरीक ठरली होती, ती मोडली. दारूत मेलेल्याच्या घरची मुलगी नको, असा निरोप आला.

कामगार खात्याने चौकशी लावली. टाकीत वायू साचू शकतो का, हे सांगणारा माणूस कामगारांच्या बाजूला नव्हता. सर आपण होऊन गेले आणि साक्ष देतो म्हणाले.

इथे एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी. त्या कारखान्याचे मालक आमच्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर होते आणि सर पुढच्या वर्षी मुख्याध्यापक होणार हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं. मी तिथेच परीक्षेचं वेळापत्रक करत बसले होते. ते वाईट गृहस्थ नव्हते, घाबरलेले होते.

“जगताप, जूनमध्ये या खुर्चीवर तुम्ही बसणार,” ते म्हणाले. “वायूबद्दल बोलायचं तर वर्गात बोला ना.”

“ज्याला सांगायचं होतं तो आता वर्गात नाही, सार,” सर म्हणाले.

घरीही हा प्रश्न होताच. दोन मुलींची शिक्षणं चालू होती. सरांच्या पत्नी चंद्राबाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी काय सांगितलं ते सरांनीच मला नंतर सांगितलं: “तुमी बोला. न बोलता घरात बसलात तर मला तुमच्याकडं बघवनार न्हाई, गोत्तु मला.” गोत्तु म्हणजे ठाऊक.

चौकशीच्या दिवशी मी रजा घेऊन सरांबरोबर गेले. लहानशी खोली होती. मधे अधिकारी, एका बाजूला कारखान्याचे वकील, दाराशी निंगम्मा आणि तिची मुलगी. सारं बोलणं कानडीत झालं. तोवर मला ते बऱ्यापैकी समजू लागलं होतं.

वकिलांनी नववीचं पुस्तकच आणलं होतं. “यात लिहिलंय, वायू मिळेल त्या सगळ्या जागेत पसरतो. हे तुम्हीच शिकवता ना? मग तासाभरात तो टाकीबाहेर पसरला नसेल काय?”

“पसरतो,” सर म्हणाले. “पण त्याला वेळ लागतो. टाकी खोल, तोंड अरुंद, आत वारा नाही. वायू जड, खालीच राहणार. आणि वरचा थोडा गेला तरी खालचा गाळ सारखा नवा वायू सोडतो. माणसाने त्यात पाय घातला की गाळात अडकलेला वायू एकदम सुटतो. सोड्याची बाटली हलवून उघडली तर काय होतं?”

“कुजक्या अंड्यासारखा वास आला नाही, असं वरच्या मजुरांनीच सांगितलंय.”

“तो वास देणारा वायू फार झाला की नाकाला कळेनासा होतो, सार. वास थांबतो तेव्हा धोका जास्त असतो.”

“तुम्ही तज्ज्ञ आहात काय? हायस्कूलचे शिक्षक आहात.”

“हायस्कूलचाच शिक्षक आहे. मी पहिलं सांगितलं ते तुमच्या हातातल्या पुस्तकातच आहे.”

मग त्यांनी अधिकाऱ्यांची परवानगी मागितली आणि पिशवीतून बरणी, मेणबत्ती, लिंबं आणि सोडा काढला. वकिलांनी हरकत घेतली. अधिकारी कंटाळलेले होते, त्यांनी हात हलवून ‘करा’ म्हटलं. सरांनी रिकामं दिसणारं भांडं बरणीवर कलतं केलं आणि मेणबत्ती विझली. त्यांनी काडी पेटवून आत सोडली, तीही विझली. दुसरी सोडली, तीही विझली. मी दाराकडे पाहिलं. निंगम्माने पदर तोंडात कोंबला होता.

बाहेर आल्यावर ती सरांसमोर उभी राहिली. “मेष्ट्रे, माझा मुलगा असाच गेला?”

आपण त्या आईसमोर काय करून दाखवलं, हे सरांना त्या क्षणी कळलं असावं. “हो, अम्मा,” ते म्हणाले.

“त्याला फार त्रास झाला?”

“दोन-चार श्वास. मग शुद्ध राहत नाही.”

“म्हणजे दारू नव्हती.”

“नव्हती. तो माणसं काढायला उतरला होता.”

निंगम्मा म्हणाली, “हे आमच्या गावात येऊन दाखवा. सगळ्यांसमोर दाखवा.”

पुढच्या रविवारी सर त्या गावी गेले. देवळासमोरच्या कट्ट्यावर त्यांनी बरणी मांडली. माणसं पुष्कळ जमली होती, काही गंमत बघायला, काही खाली मान घालून. मेणबत्ती विझल्यावर निंगम्मा उठली आणि ज्यांच्या घरून निरोप आला होता त्यांच्याकडे बघून म्हणाली, “माझ्या मुलाने दारू घेतली नव्हती. तो दुसऱ्यांसाठी उतरला. आता तरी कळलं?” ती सोयरीक पुन्हा जुळली नाही. पण त्यानंतर महादेवला दारुडा म्हणायची हिंमत गावात कोणी केली नाही.

चौकशीच्या अहवालात ‘विषारी वायूने मृत्यू’ असं नोंदलं गेलं. न्यायालयातला खटला मात्र वर्षानुवर्षं चालला. वर उभे असलेले मजूर एकेक करून साक्ष फिरवत गेले, त्यांनाही पोटं होती. शेवटी दोष एका ठेकेदारावर आला आणि तो ठेकेदार कधीच परागंदा झाला होता. मालक सुटले. निकालाच्या दिवशी सर “आमेले,” म्हणजे नंतर बघू, एवढंच म्हणाले. “चला. शाळेची बस चुकेल.”

कारण तोपर्यंत ते आमच्या शाळेत नव्हते. जूनमध्ये मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर दुसरे गृहस्थ बसले आणि सरांची बदली संस्थेच्या एका छोट्या शाळेत झाली, सोसले गावाच्याही पुढच्या खेड्यात. तिथे प्रयोगशाळा नावाला एक कपाट होतं. निवृत्तीपर्यंत सर रोज दोन बस बदलून तिथे जात राहिले. तक्रारीचा एक शब्द मी ऐकला नाही.

त्याच काळात माझे पती आजारी पडले. आजार बरा होणारा नव्हता. सर संध्याकाळी बसमधून उतरून घरी न जाता थेट इस्पितळात यायचे, अंगावर दिवसभराची धूळ, हातात चंद्राबाईंनी स्टँडवर आणून दिलेला डबा. माझ्या पतींना सांगलीकडच्या गोष्टी ऐकायला आवडायच्या आणि सरांना त्या भागाचं काहीच माहीत नव्हतं. तरी सर विचारत राहायचे, कृष्णेचा घाट कसा आहे, तिकडे भाकरी कशाबरोबर खातात, आणि पती सांगत राहायचे. पती गेले त्या दिवशी सरांनी सांत्वनाचं एक वाक्य उच्चारलं नाही. सगळे गेल्यानंतरही ते दाराजवळच्या खुर्चीवर बसून होते. मला तेवढंच हवं होतं.

निंगम्माच्या गावातल्या त्या रविवारनंतर सरांनी तो प्रयोग गावोगाव करायला सुरुवात केली होती. विहिरी उपसणारे, खड्डे काढणारे, गटारं साफ करणारे, कारखान्यांचे मजूर, यांच्यासमोर. बेळगोळच्या एका कारखान्याच्या फाटकावरून त्यांना रखवालदाराने हुसकावलं, तेव्हा ते रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसून करू लागले. खड्ड्यात उतरण्याआधी दिवा सोडून बघा, असं ते सांगत.

आता सांगायची गोष्ट सर स्वतः सगळीकडे सांगतात, म्हणूनच मी लिहिते आहे. सोसलेकडच्या एका गावात दोन भाऊ विहीर साफ करत होते. सरांचा प्रयोग त्यांनी पाहिला होता. त्यांनी आधी कंदील खाली सोडला. तो जळत राहिला. म्हणून ते उतरले. पाणी उपसायचा डिझेलचा पंप त्यांनी विहिरीतच, कपारीवर ठेवून चालू केला होता. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिवा विझवत नाही. दिवा जळत असतानाच माणूस मरतो. दोघेही गेले.

सर त्या घरी गेले. भावांच्या वडिलांनी त्यांना ओळखलं. ते रागावले नाहीत. “मेष्ट्रे,” ते म्हणाले, “तुम्ही सांगितलं तसंच केलं हो पोरांनी.”

त्यानंतर सर बाहेर जायचे थांबले. शाळेत जात, शिकवत, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडत. जेवण जाईना. मी भेटायला गेले तर म्हणाले, “बाई, मी त्यांना अर्धं शिकवलं. अर्धं शिकवणं म्हणजे काय, ते बघितलात ना?” चंद्राबाईंनी बरेच दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी त्यांनी ती बरणी धुऊन, पुसून सरांच्या पुढ्यात ठेवली. “उरलेलं अर्धं कोन शिकवनार?” त्या म्हणाल्या. “माझ्याच्यानं तर व्हायचं न्हाई.”

त्यानंतर सरांच्या प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात त्या दोन भावांपासून होते. ‘दिवा विझला तर उतरू नका. पण दिवा जळाला तरी उतरू नका. आत कोणी पडला तरी उतरू नका. हाका मारा, दोर टाका, वारा घाला, अग्निशमनवाल्यांना बोलवा.’ लोक विचारतात, आपला माणूस आत पडलेला बघत कसं उभं राहायचं? सर म्हणतात, “फार कठीण आहे. म्हणूनच आज सांगतोय.” हे ऐकून किती जण थांबले हे कोणाला कळणार? जो उतरला नाही त्याची बातमी येत नाही. जे उतरतात त्यांची अजून येते. सर ती कात्री घेऊन कापत वगैरे नाहीत, नुसती वाचतात.

या गौरवग्रंथाची कल्पना घेऊन आम्ही जुने सहकारी आणि विद्यार्थी त्यांच्याकडे गेलो तेव्हा सरांनी आधी ‘बेडा’ म्हणून टाकलं. नको म्हणजे नको. आम्ही फार आग्रह केला, तेव्हा त्यांनी एक अट घातली. टाकीत गेलेल्या तिघांचीही नावं ग्रंथात यायला हवीत. महादेवचं नाव निदान त्याच्या गावाला तरी ठाऊक आहे. उत्तर कर्नाटकातून आलेल्या त्या दोघांना वर्तमानपत्रांनीसुद्धा ‘अन्य दोन मजूर’ म्हटलं होतं. सरांनी त्या वेळी त्यांच्या झोपडीशेजारी राहणाऱ्यांना विचारून नावं मिळवली होती आणि इतकी वर्षं लक्षात ठेवली होती. “माझा फोटो लहान छापा,” ते म्हणाले. “नावं मोठी छापा.”

सरांचा शब्द आम्ही मोडत नाही. आधी उतरला तो यल्लप्पा. त्याला काढायला उतरला तो बसप्पा. दोघांना काढायला उतरला तो आमचा महादेव.

सरांना आता बसची पायरी चढताना दम लागतो, गुडघे दुखतात, तरी पुढच्या रविवारी कुठे जायचं ते ठरलेलं असतं. माझी त्यांच्यासाठी एकच इच्छा आहे. त्यांना निरोगी आणि इतकं दीर्घ आयुष्य लाभो की एक दिवस त्यांना बोलवायचं कोणत्याही गावाला कारण उरू नये, आणि त्यानंतरचे पुष्कळ रविवार त्यांनी चंद्राबाईंजवळ, घरातच, सुम्ने बसून काढावेत.